बनारसी पानातली चेरी आणि मोलिब्डेनमची गोळी

काशीला गेलेला मराठी माणूस तीन गोष्टी केल्याशिवाय परतत नाही. विश्वनाथाचं दर्शन, दशाश्वमेध घाटावरची गंगेची आरती आणि रात्रीच्या जेवणावर मीठा पान! खरा बनारसी या तिसऱ्या गोष्टीला नाक मुरडतो. त्याच्या लेखी पान म्हणजे मगही पान, कात, चुना आणि सुपारी. फार तर थोडी किमाम. गुलकंद, बडीशेप, रंगीत खोबरं आणि वर टोचलेली लालभडक चेरी हा सगळा थाट पाहुण्यांसाठी. पण पाहुण्यांना तोच आवडतो, त्याला कोण काय करणार?

समजा, पुण्याहून असंच एक कुटुंब काशीयात्रेला आलंय. ब्रह्माघाटाजवळ दूरचे नातलग राहतात, त्यांच्याकडे मुक्काम. पेशव्यांच्या काळापासून ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट हा भाग मराठी वस्तीचा. अजूनही तिथल्या काही घरांत सकाळी आमटीला फोडणी बसते. रात्री सगळे गोदौलियाला पान खाऊन आले आणि दहा मिनिटांत कॉलेजात जाणाऱ्या मुलीला खोकल्याची उबळ आली. छाती भरून आली, श्वासाबरोबर शिट्टी वाजायला लागली. लहानपणापासून तिला दमा आहे.

‘‘पंप घेतलास का गं?’’ आईने घाबरून विचारलं.

‘‘पंप कशाला?’’ यजमान काका कपाटातून एक बाटली घेऊन आले. ‘‘थोरल्याने अमेरिकेहून पाठवल्यात या गोळ्या. खाण्यातल्या केमिकलचा त्रास होतो ना, त्यावर रामबाण. मिनरल आहे, औषध नाही. रोज एक घेत जा, पंप सुटेल तुझा.’’

बाटलीवर लिहिलेलं असतं : मोलिब्डेनम.

हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण अशी बाटली आणि असे काका अनेक घरांत सापडतील. परदेशातून येणाऱ्या सुटकेसमधून, शेजारणीच्या सल्ल्यातून, केमिस्टच्या काउंटरवरून अशा गोळ्या घरात शिरतात. बाटलीमागचा युक्तिवाद ऐकायला इतका शास्त्रीय वाटतो की शिकलेली माणसंही मान डोलावतात. काकांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे, आणि नेमकी त्यातच खरी अडचण आहे.

आधी त्या चेरीकडे वळू. पानावरची ही लाल चेरी बहुतेक वेळा चेरी नसतेच! ते असतं करवंद. होय, आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर मे महिन्यात पानाच्या द्रोणातून विकली जाणारी तीच डोंगरची काळी मैना. उत्तर प्रदेशात त्याला करौंदा म्हणतात आणि वाराणसीजवळच्या चिरईगावची करवंदं त्या भागात प्रसिद्ध आहेत. चेरी करण्यासाठी करवंदातली बी काढतात आणि फळ मिठाच्या किंवा सल्फाइटच्या पाण्यात मुरवत ठेवतात. तिथे त्याचा मूळ रंग जातो, आंबटपणा आणि चीकही उतरतो. मग त्या रंग उडालेल्या फळाला लाल रंगात बुडवून साखरेच्या पाकात शिजवतात. झाली चेरी तयार! पाकात उकळताना बराचसा सल्फाइट निघून जातो, पण किती जातो आणि किती उरतो हे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

सल्फाइट हा शब्द अनोळखी वाटेल, पण मराठी गृहिणीची त्याच्याशी जुनी ओळख आहे. उन्हाळ्यात घरी लिंबाचं किंवा संत्र्याचं स्क्वॅश करताना चिमूटभर के.एम.एस. घालतात ना? ते म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. जांभळाच्या किंवा डाळिंबाच्या सरबतात मात्र ते घालायचं नाही, तिथे सोडियम बेन्झोएट, असं क्लासमधल्या बाई बजावून सांगत. कारण सल्फाइट रंग खातो. त्याच गुणासाठी त्याचा धंद्यातही वापर होतो. सोनेरी बेदाणा सोनेरी राहावा म्हणून काही ठिकाणी त्याला गंधकाची धुरी देतात. गुऱ्हाळात गुळाचा रंग उजळावा म्हणून ‘हायड्रॉस’ची पूड टाकली जाते. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. पूर्वी रस निवळण्यासाठी रानभेंडीचा चीक पुरायचा. मग गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवासा झाला आणि पूड आली. आपल्याकडचे बहुसंख्य साखर कारखानेही रस निवळताना गंधकाचा धूर वापरतात. बिस्किटाच्या पुड्यावर बारीक अक्षरांत ‘आयएनएस २२३’ दिसलं, तर तेही याच घराण्यातलं, सोडियम मेटाबायसल्फाइट. आयएनएस २२० ते २२८ हे सगळे नंबर सल्फाइटच्या भावंडांचे आहेत.

बहुतेकांना यातलं काहीच बाधत नाही. हे आवर्जून सांगायला हवं, नाही तर उद्यापासून बेदाणे फेकले जातील! त्रास होतो तो प्रामुख्याने दमेकऱ्यांना, आणि त्यातही थोड्यांना. दम्याच्या रुग्णांपैकी साधारण ३ ते १० टक्के जण सल्फाइटला संवेदनशील असतात असा अंदाज आहे. दमा जितका जोरात, जितका आटोक्याबाहेर, तितकी शक्यता जास्त. पण ज्यांना त्रास होतो, त्यांना तो साधासुधा नसतो. काही मिनिटांत छाती आवळते, श्वास लागतो, कधी अंगावर गांधी उठतात. १९८०च्या सुमारास अमेरिकेत हॉटेलांतल्या सॅलडवर ताजेपणासाठी सल्फाइट फवारायची पद्धत होती. त्यातून गंभीर झटके आले, माणसं दगावलीसुद्धा. अखेर १९८६ साली तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने कच्च्या खायच्या फळा-भाज्यांवर सल्फाइट वापरायला बंदी घातली. भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनी शेंगदाणे, दूध, गहू यांच्याच यादीत सल्फाइटला बसवलं. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल, तर पाकिटावर तसं लिहिणं भाग आहे.

पण पानाला लेबल कुठून असणार? काशीचं खाणं म्हणजे द्रोण, कुल्हड आणि पान. नियम पाकिटाला लागतो, पानवाल्याच्या पितळी डब्याला नाही.

आता मोलिब्डेनमची गोष्ट. हे एक धातूरूप मूलद्रव्य आहे. स्वीडनच्या कार्ल विल्हेल्म शीले याने १७७८ साली ते ओळखलं आणि १७८१ साली पीटर याकोब येल्म याने वेगळं काढलं. पुढे पोलाद कणखर करण्यासाठी त्याचा उपयोग होऊ लागला. तोफा आणि यंत्रं यांच्या कामाची ही चीज माणसाच्या यकृतातही राबत असेल अशी कुणाला शंकाही आली नसती. पण राबते! आपण डाळ, दूध, अंडी खातो, त्यातल्या प्रथिनांत गंधक असतं. ते मोडताना शरीरातच सल्फाइट तयार होतो. होय, बाहेरून आणायची गरज नाही, रोजच्या जेवणातून जेवढा सल्फाइट पोटात जातो त्याच्या कितीतरी पट सल्फाइट आपलं शरीर स्वतःच तयार करतं. तो साचला तर विष. म्हणून सल्फाइट ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम त्याचं निरुपद्रवी सल्फेट करून टाकतं आणि ते लघवीवाटे बाहेर जातं. या एन्झाइमच्या गाभ्यात मोलिब्डेनमचा एक अणू असतो. तो नसेल तर एन्झाइम नुसतं शोभेचं.

हे १९७१ साली सिद्ध झालं, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. शोधनिबंधावर तीन नावं होती : हार्वे कोहेन, अर्विन फ्रिडोविच आणि भारतीय वंशाचे के. व्ही. राजगोपालन. राजगोपालन यांनी पुढे सगळं आयुष्य या मोलिब्डेनमच्या मागे काढलं. याच प्रयोगशाळेत उंदरांना टंगस्टन खायला घालून पाहिलं गेलं. टंगस्टन हा मोलिब्डेनमचा तोतया भाऊ. तो एन्झाइममध्ये मोलिब्डेनमची जागा बळकावतो, पण काम करत नाही. अशा उंदरांना सल्फाइट टोचला तर इतर उंदरांपेक्षा कितीतरी कमी मात्रेत ते मेले.

झालं! गोळी विकणाऱ्यांचं तर्कशास्त्र इथून सुरू होतं. सल्फाइट पचवायला मोलिब्डेनम लागतं. तुम्हाला सल्फाइटचा त्रास होतो. म्हणजे तुमच्यात मोलिब्डेनम कमी आहे. म्हणून गोळी घ्या. पहिली दोन वाक्यं खरी आहेत. तिसरं कुणी तपासलं?

मोलिब्डेनमची कमतरता खरोखर झालेला माणूस वैद्यकशास्त्राने पाहिला आहे. किती? एक. जगभरात खाण्यातल्या कमतरतेचं नीट नोंदवलेलं उदाहरण एवढं एकच, आणि ते खरंच वाचण्यासारखं आहे. अमेरिकेतला २४ वर्षांचा एक तरुण. क्रोन्स डिसीज नावाच्या आतड्याच्या आजाराने त्याला तोंडाने खाणंच शक्य नव्हतं. महिनोन्‌महिने त्याचं सगळं पोषण शिरेतून, सलाइनच्या नळीवाटे चाललेलं. त्या द्रवात साखर होती, प्रथिनांचे घटक होते, जीवनसत्त्वं होती. मोलिब्डेनम घालायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण ते लागतं हेच नुकतं कळलेलं. वर्षभराने त्याचं हृदय धडधडू लागलं, श्वास जलद झाला, डोकं फुटेल असं दुखू लागलं, रात्रीचं दिसेनासं झालं. उलट्या, मग सुस्ती, मग भ्रम आणि शेवटी बेशुद्धी. प्रथिनांचे घटक नळीतून थांबवले की तो सुधारायचा, सुरू केले की पुन्हा बिघडायचा. लघवीत सल्फाइट वाढलेला, सल्फेट घटलेलं. डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी नळीतून मोलिब्डेनमचा क्षार द्यायला सुरुवात केली, दिवसाला फक्त ३०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणि त्या तरुणाची लक्षणं ओसरली! १९८१ साली ही हकिगत प्रसिद्ध झाली.

या तरुणाच्या लक्षणांची यादी पुन्हा वाचा. पान खाल्ल्यावर दहा मिनिटांत छातीत शिट्टी वाजणं तिच्यात नाही. मोलिब्डेनम संपलं तर मेंदू आणि डोळे बिघडतात, आणि तेही महिनोन्‌महिने धान्याचा कणही पोटात गेला नाही तर. ब्रह्माघाटावरच्या घरात रोज दोन वेळा जेवणाऱ्या मुलीचा हा आजार नव्हे.

मग दमेकऱ्याला सल्फाइट बाधतो तो कसा? बहुधा वाटेतच. सल्फाइट घातलेला आंबट पदार्थ तोंडात गेला की लाळेत आणि आम्लात त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. घास गिळताना तो श्वासाबरोबर आत ओढला जातो आणि आधीच चिडलेल्या श्वासनलिका आवळून घेतात. फटाक्याच्या धुराने होतं तसंच. आता मोलिब्डेनमवालं एन्झाइम असतं मुख्यतः यकृतात. घशाशी लागलेली आग विझवायला बंब मात्र यकृतात उभा! तो कितीही भरलेला असला तरी उपयोग काय? सगळ्यांची संवेदनशीलता याच एका वाटेने होते असं नाही. काही सल्फाइट-संवेदनशील दमेकऱ्यांत हे एन्झाइम जरा मंद असावं, अशी शंका १९८०च्या दशकात घेतली गेली. पण मंद एन्झाइम आणि मोलिब्डेनमची कमतरता या दोन निराळ्या गोष्टी. मोलिब्डेनमची गोळी घेतल्याने सल्फाइटचा त्रास कमी होतो, असं दाखवणारी चांगली चाचणी झालेली नाही.

याहून मोठा पुरावा नवजात बाळांच्या एका दुर्मीळ आजारातून मिळतो. शरीर मोलिब्डेनम थेट वापरत नाही, आधी त्याला एका खास रेणूच्या कोंदणात बसवावं लागतं. काही बाळांना जन्मतः हे कोंदणच घडवता येत नाही. सल्फाइट साचतो, झटके येतात, मेंदूची हानी होते. या बाळांना मोलिब्डेनम पाजून काहीही फरक पडत नाही. कोंदण घडवणाऱ्या साखळीतला हरवलेला दुवाच शिरेतून द्यावा लागतो. त्या आजाराच्या एका प्रकारावरचं असं औषध २०२१ साली अमेरिकेत मंजूर झालं. खनिज ओतलं की एन्झाइम धावू लागतं, हे गणित इतकं सरळ नाही.

आता काकांच्या घरच्या स्वयंपाकघरात डोकावू. प्रौढ माणसाला दिवसाला ४५ मायक्रोग्रॅम मोलिब्डेनम पुरतं, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००१ साली ठरवलं. अर्धा कप शिजवलेल्या चवळीत ते सुमारे २८८ मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका उसळीत सहा दिवसांची बेगमी! कडधान्यं हा मोलिब्डेनमचा सगळ्यात मोठा साठा. त्यानंतर इतर धान्यं आणि दाणे. दुधा-दह्यातही थोडं असतं. आणि काशीचं खाणं म्हणजे काय? सकाळी कचोरीबरोबर काळ्या चण्याची रस्साभाजी. हिवाळ्यात चुडा-मटर, म्हणजे तुपात परतलेले पोहे आणि ताजे मटार. दुपारी अरहरची डाळ. संध्याकाळी भाजलेले चणे. मराठी घरात याशिवाय आमटी, मटकी, हरभऱ्याची डाळ. तिथे मोलिब्डेनमची गोळी घेणं म्हणजे गंगेच्या काठावर बसून बाटलीतलं पाणी विकत घेण्यासारखं. काशीत तेही होतं म्हणा!

काका म्हणतील, ‘‘अरे, पण अपाय तर नाही ना? मिनरल आहे.’’

इथे आंध्रातली एक जुनी गोष्ट आठवते. आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यात पाण्यातल्या फ्लोराइडने हाडांचे विकार होत, हे जुनं दुखणं होतं. १९७०च्या दशकात तिथल्या तरुण मुलांत एक नवीन विकृती दिसू लागली. गुडघे आत वळून एकमेकांना घासायचे, पाय फाकायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी शोध घेतला. नागार्जुनसागर धरण झाल्यावर भोवतालच्या भागात भूजलाची पातळी वर आली आणि जमिनीचा पोत बदलला. तिथल्या ज्वारीत मोलिब्डेनमचं प्रमाण वाढलेलं आढळलं. मोलिब्डेनम वाढलं की शरीरातलं तांबं लघवीवाटे जास्त जातं, आणि तांबं कमी पडलं की हाडं ठिसूळ होतात. फ्लोराइड हा मुख्य आरोपी, पण मोलिब्डेनम त्याचा साथीदार, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. गुरांच्या डॉक्टरांना तर ही गोष्ट फार आधीपासून माहीत होती. मोलिब्डेनम जास्त असलेल्या कुरणात चरणाऱ्या गाई तांब्याच्या अभावाने खंगतात.

एका गोळीने कुणाचे गुडघे वाकणार नाहीत, हेही खरं. बाजारातल्या गोळ्यांत सहसा ५० ते ५०० मायक्रोग्रॅम असतं आणि प्रौढांसाठी दिवसाला २ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली गेली आहे. भीती गोळीची नाहीच. भीती काकांच्या त्या शेवटच्या वाक्याची आहे. ‘पंप सुटेल तुझा.’ दमेकऱ्याने गोळीच्या भरवशावर पंप बंद केला की दमा आटोक्याबाहेर जातो, आणि आटोक्याबाहेर गेलेल्या दम्यालाच सल्फाइट जास्त बाधतो. म्हणजे ज्या त्रासासाठी गोळी घेतली तो त्रास गोळीपायीच वाढायचा! पाहुणे आहेत, मोठं माणूस सांगतंय, मुलगी संकोचाने मान हलवते आणि पंप पर्समध्येच राहतो. आई शेजारी बसलेली असते. अशा वेळी भीड बाजूला ठेवून ‘‘काका, आधी पंप, मग बोलू’’ एवढं म्हणणं जमायला हवं. पंप घेऊनही दम कमी झाला नाही, बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर वाटले, तर वाट न पाहता इस्पितळ गाठायचं. काशीत लंका भागात विद्यापीठाचं सर सुंदरलाल इस्पितळ आहे, चोवीस तास उघडं.

आणि एक महत्त्वाची गोष्ट राहिलीच. चेरीवर एवढं बोलून झालं, पण त्या पानातला गुन्हेगार चेरीच कशावरून? पानात सुपारीही होती ना! सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. १९९२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी सुपारी चघळणं आणि दमा यांचा संबंध दाखवला होता. अरेकोलीनने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. शिवाय रात्रीची गार हवा, गल्लीतला धूर, आरतीचा धूप, घाटाच्या शंभर पायऱ्यांची चढण. संशयित अर्धा डझन आहेत. बिचाऱ्या पानाच्या पानालाच दोष देणारेही भेटतात, कारण मगही पान पांढुरकं दिसतं. ‘ब्लीच करतात हो!’ नाही करत. हिरवी पानं करंड्यांत घालून, बंद खोलीत कोळशाची ऊब देऊन पिकवतात, तेव्हा ती पिवळसर-पांढरी होतात. तिथे सल्फाइटचा काही संबंध नाही.

गोळीचा दुसरा तोटा हाच. ती घेतली की शोध थांबतो. बाटलीवर मोघम लिहिलेलं असतं, ‘खाद्यपदार्थांतल्या ऍडिटिव्हची संवेदनशीलता’. पण ऍडिटिव्ह ही काही एक जात नव्हे. टारट्राझीन हा पिवळा रंग, अजिनोमोटो, सोडियम बेन्झोएट यांचं शरीरातलं गणित वेगळं, त्यांचा मोलिब्डेनमशी संबंध नाही. लाडवा-जिलेबीत चोरून घातला जाणारा मेटॅनिल यलो तर ऍडिटिव्हच नव्हे, ती शुद्ध भेसळ. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेने त्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्याला गोळीने नव्हे, अन्न निरीक्षकानेच आळा बसायचा.

उपयोगी पडते ती एक साधी वही. त्रास झाला की त्याआधीच्या दोन तासांत काय खाल्लं, कुठे होतो, औषध घेतलं होतं का, हे लिहायचं. पाच-सहा नोंदी झाल्या की डॉक्टरांना दाखवायच्या. बेदाणे, बाटलीतलं लिंबाचं सरबत, स्क्वॅश, वाइन यांच्यानंतरच शिट्टी वाजत असेल, तर सल्फाइटचा संशय पक्का. खात्री करायची तर छातीचे डॉक्टर इस्पितळात, देखरेखीखाली, थोडा थोडा सल्फाइट देऊन फुंकण्याची चाचणी घेतात. ही परीक्षा घरी करायची नाही, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही! आणि निदान झालंच तर उपाय फार साधा आहे. पाकिटावर २२० ते २२८ नंबर पाहायचे, उजळ पिवळ्या गुळाऐवजी काळपट गूळ घ्यायचा, सोनेरी बेदाण्याऐवजी काळ्या मनुका. हॉटेलात आधी विचारायचं. काळपट गूळ म्हणजे निर्धोक गूळ अशी हमी नसते, पण उजळ करण्याचा सोस तिथे कमी असतो.

रंगासाठी रसायनच लागतं असंही नाही, हे काशीनेच दाखवून दिलंय. चौकाजवळच्या ठठेरी बाजारात तिरंगी बर्फी मिळते. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात ब्रिटिशांना खिजवण्यासाठी ती केली गेली, असं तिथले हलवाई अभिमानाने सांगतात. केशरी थर केशराचा, हिरवा पिस्त्याचा, मधला पांढरा खवा-काजूचा. २०२४ साली या बर्फीला भौगोलिक मानांकनही मिळालं. अर्थात दुकानोदुकानी केशर खरंच केशर असतं का, हा प्रश्न विचारायचा अधिकार गिऱ्हाइकाला आहेच.

तर पुण्याच्या त्या मुलीने दुसऱ्या रात्री पुन्हा गोदौलियाला जायला हरकत नाही. पंप हाताशी ठेवायचा आणि पानवाल्याला सांगायचं, ‘‘भैया, चेरी नहीं, सुपारी भी नहीं.’’ तो जरा तोंड वाकडं करेल, ‘फिर पान में बचा क्या?’ असंही पुटपुटेल. पण वेलदोडा, बडीशेप आणि गुलकंद हात सैल सोडून घालेल. काकांची बाटली कपाटातच बरी. रात्री भिजत घातलेली चवळी सकाळपर्यंत फुगलेली असेलच.